सालिमची चिमणी आणि मिलार्डसाहेबांचं कपाट



"मुलाला आवड आहे हो, पण टिकत नाही. चार दिवस करतो आणि सोडून देतो." शाळेत असताना पालकांच्या तोंडून मी सर्वात जास्त ऐकलेलं वाक्य हेच असावं. निवृत्त झाले तरी ते काही पाठ सोडत नाही. आता नात्यातल्या लेकीसुना फोनवर तेच विचारतात. अशा वेळी मी उपदेश न करता सालिम अलींची गोष्ट सांगते. तुम्हा सर्वांना ती ठाऊक असेल, पण बहुतेक वेळा आपण ती अर्धीच सांगतो.

अर्धी गोष्ट अशी. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पोरका झाला आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढला. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी? मामांनाही सांगता येईना. मामा शिकारी, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. पुढे तो मुलगा जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाला. झाली गोष्ट!

पण माझ्यातल्या मास्तरणीला त्या मुलापेक्षा मिलार्डसाहेब जास्त महत्त्वाचे वाटतात. काय केलं त्यांनी? शाबासकी देऊन मुलाला वाटेला लावलं नाही. पक्ष्याचं नाव सांगितलं, ती रानचिमणी होती. मग कपाटं उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. वाचायला पुस्तकं दिली. आणि मुख्य म्हणजे, पक्षी सोलून टिकवायचे कसे आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या कशा, हे शिकवण्याची व्यवस्था केली. थोडक्यात, मुलगा घरी गेला तो उद्या करायचं काम हातात घेऊनच. साहेब स्वतः कुणी प्राध्यापक नव्हते बरं का, ते दारूच्या व्यापारी कंपनीत काम करायचे!

तरीही आवड सरळ रेषेत वाढली असं नाही. सालिमला कॉलेज झेपेना. १९१४ मध्ये तो ब्रह्मदेशात घरच्या खाणधंद्यात गेला. १९१७ मध्ये परतल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागला. आजचे आपण असतो तर म्हटलं असतं, "सुटलं एकदाचं ते पक्ष्यांचं वेड." पण सेंट झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्याची खरी ओढ ओळखली आणि त्याला प्राणिशास्त्र शिकायला राजी केलं. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि नंतर प्राणिशास्त्राचे, असा तो शिकला. पोटापाण्याचं सोड, असं त्याला कुणी सांगितलं नाही हेही लक्षात घ्या.

पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी नोकरी हुकली. १९२६ मध्ये संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळालं, पण शिक्षण अपुरं वाटू लागलं. तेव्हा बर्लिनच्या प्रा. एर्विन स्ट्रेझमान यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतलं. १९३० मध्ये परत आला तो पैशाअभावी ती व्याख्यात्याची जागाच रद्द झालेली! मग पत्नी तहमिनासह अलिबागजवळच्या किहीमला राहून त्याने सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी विणायला घेतो, मादी ती अर्धवट घरटी पाहते आणि पसंत पडेल ते निवडते, हे त्याने नोंदवलं. त्या लेखाने त्याचं नाव झालं. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं, तेव्हा चिमणीच्या घटनेला तीस वर्षं उलटून गेली होती.

म्हणजे बघा, आवड मुलाची स्वतःचीच होती. पण ती जिथे जिथे थांबली, तिथे कुणीतरी पुढचं पाऊल टाकायला मदत केली. मिलार्डांनी कपाट उघडलं, ब्लॅटरांनी वर्गाचं दार, स्ट्रेझमाननी प्रयोगशाळेचं. आणि काम तिघांनीही त्याच्याकडूनच करून घेतलं. आपण नेमकं उलटं करतो. प्रोजेक्ट आपण करून देतो आणि दार मात्र उघडत नाही.

आमच्या जुहूच्या वाळूत शिंपले वेचणारी मुलं मी रोज बघते. घरी गेल्यावर ते शिंपले बहुधा कचऱ्यात जातात. २०१७ पासून 'मरीन लाईफ ऑफ मुंबई' या गटाच्या मंडळींनी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवायला सुरुवात केली. अशा एखाद्या फेरीला मुलाला नेऊन बघा. एक वही द्या. तारीख, जागा, काय दिसलं, एवढंच लिहायला सांगा. पंधरा दिवसांनी उत्साह ओसरेल, तो ओसरतोच. तेव्हा रागावू नका. वही मागा, नीट वाचा आणि एकच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्यात नाही.

त्या एका प्रश्नासाठी मुलं पुन्हा किनाऱ्यावर जातात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. सगळी सालिम अली होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण हाती घेतलेलं एखादं काम शेवटाला नेल्याचा आनंद प्रत्येक मुलाला एकदा तरी मिळायला हवा. तुमच्या आयुष्यात कुणी मिलार्डसाहेब होते का? असतील तर मला जरूर कळवा.