रोलर, रूळ आणि रुळणं

बांधकाम खात्याच्या आवारात, बागेच्या दाराशी किंवा एखाद्या चौकातल्या चौथऱ्यावर रंगरंगोटी करून ठेवलेला वाफेचा जुना रोलर पुष्कळांनी पाहिला असेल. उंच धुराडं, आडवा बॉयलर, बाजूला जड फ्लायव्हील. लहान मुलं त्याला आगगाडीचं इंजिन समजतात आणि विचारतात, मग याचे रूळ कुठे आहेत? प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचं उत्तर यंत्राइतकंच शब्दांतही शोधावं लागतं.

कागदावर रेघा ओढायचा गोल लाकडी रूळ, शिपायाच्या हातातला रूळ, आगगाडीचा रूळ, हे सगळे आपल्याकडे इंग्रजी ‘रूल’, ‘रूलर’च्या वाटेने आले. त्यांचं मूळ लॅटिन ‘रेग्युला’, म्हणजे सरळ पट्टी. इंग्रजीतली ‘रेल’सुद्धा त्याच रेग्युलातून जुन्या फ्रेंचमार्गे निघाली. रोलरचं घराणं वेगळं. त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक. आणि हा रोटा आपल्या ‘रथा’चा सख्खा भाऊबंद. सरळ पट्टी आणि चाक अशा दोन निराळ्या वस्तूंचे शब्द मराठीत येताना उच्चाराने इतके जवळ आले, की रोलरलाही कोणी सहज रूळ म्हणून जातं.

‘रुळणं’ मात्र उसनं नाही. गळ्यात माळ रुळते, खांद्यावर केस रुळतात, नवी सून सासरी रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो, आणि वाट रुळते ती पायांखाली. त्या रोलरचं प्रयोजन समजावून सांगायला मला याहून चांगला शब्द सापडत नाही.

त्यासाठी जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसापर्यंत मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने ब्रिस्टलच्या आसपासचे रस्ते नव्या पद्धतीने बांधले. खाली मोठमोठे दगड रचायचे नाहीत. फोडलेल्या, कोनदार, लहान खडीचे थर द्यायचे. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमपेक्षा जड दगड त्यात येऊ द्यायचा नाही. कोनदार खडे एकमेकांत अडकतात आणि पृष्ठभाग घट्ट होतो. पण ते घट्ट करायचं कोणी? मॅकॅडमने हे काम गाड्यांच्या चाकांवर सोडलं होतं. रस्ता आधी वापरात यायचा आणि मग रुळायचा. मोकळ्या खडीतून गाडी ओढणाऱ्या जनावरांचे तोवर हाल.

रोलरने हा क्रम उलटवला. कोणी पाऊल टाकण्याआधीच रस्ता रुळलेला असावा, यासाठी हे यंत्र जन्माला आलं. आधी माणसं आणि जनावरं रोलर ओढत, मग वाफ आली. 1863 साली वाफेच्या रोलरचा एक आराखडा कलकत्त्याच्या नगरपालिकेचे अभियंते क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या बाथो यांच्यासोबत तयार केला. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या अव्हेलिंग आणि पोर्टर कारखान्याचे रोलर पुढे जगभर गेले. पुढच्या बाजूला उधळलेल्या घोड्याचं पितळी चिन्ह दिसलं तर तो केंट परगण्याचा घोडा, म्हणजे त्याच कारखान्याची खूण.

पुढचं चाक नीट पाहिलं तर ते मधोमध दुभागलेलं दिसतं. वळताना दोन्ही भाग वेगवेगळ्या गतीने फिरावेत, नाहीतर अखंड लोखंड खडी खरवडत नेईल. मागची दोन रुंद चाकं पुढच्या चाकाच्या कडांवर थोडी चढूनच चालतात. दोहोंच्या मध्ये न दाबलेली पट्टी राहत नाही. या कामाला रस्त्यावरच्या लोकांचा शब्द आहे ‘दबाई’. कडेपासून मध्याकडे दबाई करत यायचं, म्हणजे रस्त्याचा उंचवटा टिकतो. खडी, वर बारीक चुरा, पाणी, मुरूम आणि पुन्हा दबाई. घरची जमीन चोपायचा धुमस ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. ‘खडीकरण’ आणि ‘मजबुतीकरण’ हे शब्द सरकारी कागदांतून आले. एकात देशी खडी, दुसऱ्यात अरबी ‘मजबूत’, आणि दोन्हींच्या शेपटीला संस्कृत ‘करण’. शुद्धतेच्या आग्रहाने त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. गावच्या सभेत ते आज बिनदिक्कत वापरले जातात, म्हणजे रुळले.

सगळ्यात कोड्यात टाकतात ते काही रोलरांच्या मागे दाताळ्यासारखे बसवलेले पोलादी दात. सपाट करणाऱ्या यंत्राला उकरायचे दात कशाला? जुन्या, गुळगुळीत झालेल्या थरावर नवी खडी टाकली तर ती धरत नाही, म्हणून आधी तो थर खरवडून मोकळा करायचा. इंग्रजीत या जोडणीला स्कॅरिफायर म्हणतात. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘स्कारिफोस’ आहे: ओरखडून लिहायची लेखणी.

आणि डांबर? रोलर पाहिला की आज डोळ्यांपुढे डांबरच येतं, पण या यंत्राची पहिली कित्येक वर्षं पाणी आणि खडीतच गेली. खडीत डांबर मिसळायच्या पद्धतीचं पेटंट हूली या ब्रिटिश सर्वेक्षकाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी घेतलं. शब्द त्याहून कितीतरी जुना. मलाय भाषेत ‘दामर’ म्हणजे झाडाची राळ. जहाजांच्या फटी बुजवायला ती वापरत. समुद्रावरून आलेलं हे नाव पुढे कोळशापासून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाला मिळालं, म्हणूनच कपाटातल्या नॅफ्थलिनच्या गोळ्या आपल्याकडे डांबरगोळ्या झाल्या. आजचं रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातून येतं. वस्तू दोनदा बदलली, नाव तेच राहिलं.

चौथऱ्यावरच्या पाटीवर बहुधा कारखान्याचं नाव, साल आणि वजन असतं. त्याखाली चार ओळी मराठीत हव्यात: दबाई म्हणजे काय, पुढचं चाक दुभागलेलं का, खडी केवढी असायची. आणि मागच्या दातांकडे एक बाण हवा, कारण त्यांच्याजवळ थांबून विचारणारं कोणी ना कोणी असतंच.