पाव इंचाची गोष्ट : काडतूस, कारखाना आणि कारागीर

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. ज्यांच्या नळीचं भोक पाव इंचाचं असतं अशा अमेरिकन शिकारी रायफली, त्यांची जुनी काडतुसं, आणि कारखान्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवल्यावरही ती जिवापाड सांभाळणारी माणसं, असा हा विषय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे नेम कसा धरावा हे काही मी आज सांगणार नाही. मला इतिहासातला एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. एखादी वस्तू चांगली असूनही मागे का पडते? आणि मागे पडलेली वस्तू जिवंत कोण ठेवतं?

आधी दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. पुंगळीचा आकार बाटलीसारखा असतो : रुंद पोट, उतरता खांदा, अरुंद मान. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन बसतात. नळीच्या आत पीळदार आटे कोरलेले असतात, ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पाव इंची रायफलीत भोक ०.२५० इंच आणि आट्यांच्या खोलीसकट ०.२५७ इंच. म्हणून कुठल्या काडतुसाच्या नावात २५ दिसतं, कुठे २५०, कुठे २५७. गोळी मात्र सगळीकडे एकाच जाडीची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू आली. ती त्याच जागेत कितीतरी जास्त जोर देई. १८९५ साली विंचेस्टर कंपनीनं आपल्या १८९४ च्या रायफलीसाठी .३०-३० आणि .२५-३५ ही दोन काडतुसं बाजारात आणली. अमेरिकेत खास बिनधुराच्या दारूसाठी बनवलेली ही पहिली शिकारी काडतुसं. .३०-३० घराघरांत पोचलं. .२५-३५ हे त्याचं धाकटं भावंडं. धक्का कमी, आवाज कमी, पण मागणीही कमीच.

खरी गोष्ट सुरू होते १९१५ मध्ये, चार्ल्स न्यूटन या माणसापासून. न्यूटन शिक्षणानं वकील. पण डोकं सगळं काडतुसांत. सॅव्हेज कंपनीसाठी त्यानं पाव इंचाचं एक आखूड काडतूस आखलं. सैन्याची .३०-०६ ची पुंगळी घेतली, आखूड केली आणि मान आवळली. त्याच्या मनात गोळी होती १०० ग्रेनची आणि वेग सेकंदाला २८०० फूट. हरणासाठी उत्तम जोडी.

कंपनीला ते काडतूस आवडलं, पण २८०० हा आकडा काही आवडला नाही. तोवर कुठल्याही अमेरिकन कारखान्याच्या काडतुसानं ३००० चा टप्पा गाठला नव्हता. मग काय केलं? गोळी हलकी केली, ८७ ग्रेनची. वेग बरोबर ३००० झाला. आणि तो आकडा थेट नावातच घातला : .२५०-३००० सॅव्हेज. काडतुसाच्या नावातच जाहिरात!

आता आपण जरा गणित करू. १०० ग्रेनची गोळी २८०० फुटांनी निघाली तर तिची ऊर्जा साधारण २३६० ज्यूल. ८७ ग्रेनची ३००० फुटांनी निघाली तरी साधारण २३६० ज्यूलच. म्हणजे नळीच्या तोंडाशी जोर तेवढाच राहिला, आणि बदलला तो पाटीवरचा आकडा. पण त्या आकड्याची किंमत पुढे मोजावी लागली. गोळी हलकी आणि आखूड ठरली, म्हणून नळीतले आटेही सावकाश पिळाचे ठेवले, चौदा इंचांत एक फेरा. पुढे कुणाला जड आणि लांब गोळी वापरावीशी वाटली, तर ती त्या नळीतून नीट स्थिर होईना. जाहिरातीच्या खात्यात ठरलेली गोष्ट पोलादात कोरली गेली. माणसाचं मत बदलतं हो, नळीतला पीळ बदलत नाही.

न्यूटनचं पुढे काय झालं? त्यानं बफेलो शहरात स्वतःची कंपनी काढली. रायफलींसाठी जर्मनीतून माऊझर आणायचे असं ठरलं होतं, आणि नेमकं १९१४ चं महायुद्ध पेटलं. मग स्वतःची रायफल बनवली, तर १९१८ पर्यंत कंपनीचं दिवाळं निघालं. कल्पना पुढची आणि भांडवल मागचं, अशी ही अवस्था. १९३२ मध्ये तो गेला.

दुसरं काडतूस समजून घ्यायला आपल्या ओळखीच्या एका माणसाची मदत होईल : जिम कॉर्बेट. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर कॉर्बेटना जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५. हे इंग्रजी नाव बाजूला सारलं की आत सापडतं ते जर्मनीचं माऊझर काडतूस, ७ बाय ५७ मिलिमीटर. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ वाचलेल्यांना ही रायफल आठवत असेल.

हीच ७ बाय ५७ ची पुंगळी अमेरिकेत नेड रॉबर्ट्स यांच्या हाती आली. रॉबर्ट्स हे न्यू हॅम्पशायरचे, जुन्या ठासणीच्या बंदुकींचे मोठे जाणकार. त्या विषयावरचा त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानतात. त्यांना हवी होती वुडचकसाठी रायफल. वुडचक म्हणजे शेतात बिळं खणून शेतकऱ्याला जेरीस आणणारा, मांजराएवढा कुरतडणारा प्राणी. तो लांबूनच दिसतो आणि दिसतो तेवढ्यात बिळात जातो. म्हणून सरळ जाणारी, वाऱ्याला कमी हलणारी गोळी हवी. १९२० च्या दशकात रॉबर्ट्स यांनी माऊझरच्या पुंगळीची मान पाव इंचावर आणली. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाउ यांनी त्या काडतुसाच्या रायफली बनवून दिल्या. १९३४ मध्ये रेमिंग्टननं थोडा खांदा बदलून ते कारखान्यात घेतलं आणि नाव दिलं .२५७ रॉबर्ट्स.

लोकांचा जीव याच्यावर जडला. उन्हाळ्यात वुडचक, शरदात हरीण. दोन्ही कामं एकाच रायफलीत. खांद्याला धक्का इतका मवाळ की घरातलं कुणीही चालवावी. जॅक ओ'कॉनर, जो आधी ॲरिझोना विद्यापीठात शिकवायचा आणि पुढे शिकारी लेखनातलं मोठं नाव झाला, त्यानंही या काडतुसाचं कौतुक केलं.

मग घोडं कुठे अडलं? दोन ठिकाणी. पहिलं, जुन्या माऊझर रायफली. रॉबर्ट्सची पुंगळी मूळ माऊझरची, त्यामुळे १८९० च्या दशकातल्या, कमी दाब सोसणाऱ्या रायफलींनाही लोक नवी नळी लावून घेत. त्या फुटू नयेत म्हणून कारखान्यांनी दारू हात राखून भरली. सावधगिरी रास्तच होती, पण तिच्यापायी नव्या भक्कम रायफलीतही काडतूस अर्ध्या ताकदीचं वाटू लागलं. दुसरं अडलं मॅगझीनमध्ये. ती आखूड ठेवली, म्हणून लांब गोळी पुंगळीत खोल दाबावी लागे, आणि गोळी जेवढी खोल, तेवढी दारूची जागा कमी. दोष काडतुसाचा नव्हता, त्याच्या घराचा होता. घरी स्वतःच्या हातानं काडतूस भरणाऱ्यांना हे कळलं. लांब मॅगझीनची, मजबूत रायफल घेतली की हेच रॉबर्ट्स वेगळंच वागायचं. छंदिष्टांची आणि कारखान्याची वाट इथे वेगळी झाली.

तिसरं काडतूस तर या वेगळ्या वाटेवरच जन्मलं. आर्थर नीडनर हा मॅसॅच्युसेट्सचा, पुढे मिशिगनमधल्या डोवाजॅकचा रायफल-कारागीर. १९२० च्या सुमारास त्यानं .३०-०६ ची पूर्ण लांबीची पुंगळी घेतली आणि तिची मान पाव इंचावर आवळली. बस, एवढंच. आज त्याला .२५-०६ म्हणतात. पण गंमत बघा, नीडनरच्या काळात ते काही नीट चालेना. कारण समजायला घागर डोळ्यांपुढे आणा. घागर मोठी आणि तोंड बारीक. आत भराभर जळणारी दारू घातली तर गोळी जेमतेम सरकते न सरकते तोच दाब शिगेला पोचतो. इथे दारू हवी सावकाश जळणारी, गोळीच्या मागे मागे जात ढकलणारी. तशी दारू तेव्हा बाजारात नव्हती.

ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तीही भंगारातून म्हणाना. २० मिलिमीटरच्या तोफांच्या गोळ्यांसाठी बनवलेली सावकाश दारू युद्ध संपल्यावर सरकारकडे पडून होती. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं ती विकत घेतली आणि हातानं काडतुसं भरणाऱ्यांना स्वस्तात विकली. तिचं नाव ४८३१. तोफेसाठी केलेली दारू पाव इंची नळीत अचूक बसली! १९६९ मध्ये रेमिंग्टननं .२५-०६ ला कारखान्याचा शिक्का दिला. म्हणजे कल्पना सुचली तेव्हापासून शिक्का मिळेपर्यंत जवळपास अर्धशतक. एवढी वर्षं ते काडतूस कुठे होतं? कारागिरांच्या कार्यशाळांत आणि छंदिष्टांच्या कपाटांत.

म्हणून आता या कार्यशाळांकडे वळू. कारखान्यानं न स्वीकारलेल्या अशा काडतुसाला अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’ म्हणतात, रानमांजर. आणि ते चालवायचं तर रायफल बनवूनच घ्यावी लागते. सैन्यातली स्प्रिंगफील्ड किंवा माऊझर घ्यायची, तिची फक्त बोल्ट आणि चौकट ठेवायची. नळी नवी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, मालकाच्या हाताच्या मापानं कोरलेला. ग्रिफिन अँड हाउमधला सीमोर ग्रिफिन मुळात सुतारकाम करणारा, जेम्स हाउ धातूकाम करणारा. कर्नल टाउनसेंड व्हेलन यांनी दोघांची गाठ घालून दिली आणि १९२३ मध्ये ती पेढी उभी राहिली. लाकूड आणि लोखंड एका हातात येत नाही, दोन हात जुळावे लागतात. या रायफलींचं देखणेपण तिथून येतं.

पण या सुंदर गोष्टीला एक काळजीची बाजू आहे. वाइल्डकॅटसाठी नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाची जागा कोरायची, ती कारागिराच्या स्वतःच्या रीमरनं. प्रत्येकाचं माप केसाएवढं वेगळं. काडतूस भरण्याचे साचेही त्या एका रायफलीचे. मालक गेला, मुलांनी रायफल विकली, साच्यांची पेटी माळ्यावर राहिली. नळीवर मोघम ‘.२५’ एवढंच. आता हिच्यात कुठलं काडतूस घालायचं? चुकीचं घातलं तर जिवाशी खेळ. मग जाणकार काय करतात, तर कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू त्या जागेत ओततात, थंड झाला की ठसा बाहेर काढून मोजतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे लक्षात घ्यावं. कागद हरवला की पोलाद हाच दस्तऐवज, पण तो वाचणारा माणूस लागतो. कारागिराबरोबर असा वाचकही जात असतो.

आता शेवटाकडे. १९४४ मध्ये रॉय वेदरबीनं मॅग्नम पुंगळीवरून .२५७ वेदरबी काढलं. वेगात ते सगळ्यांच्या पुढे, आणि त्याचं स्वतःचं सर्वांत आवडतं. पण सामान्य गिऱ्हाइकाचा निकाल १९५५ मध्ये लागला. त्या एका वर्षी ६ मिलिमीटरची दोन काडतुसं आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. लहान प्राणी आणि हरीण, एकाच रायफलीत. म्हणजे रॉबर्ट्सचंच काम. दुकानांतून पाव इंची रायफली हळूहळू उतरल्या.

पण ही दोन काडतुसं आली कुठून? .२४४ ची पुंगळी सरळ रॉबर्ट्सच्याच घराण्यातली, माऊझरची. आणि .२४३? .२५०-३००० वरून सॅव्हेजनं १९२० मध्ये .३०० सॅव्हेज काढलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यानं नव्या काडतुसाचे सुरुवातीचे प्रयोग त्या .३०० सॅव्हेजच्या पुंगळीवर केले. त्यातून .३०८ आलं आणि .३०८ ची मान आवळून .२४३. म्हणजे पाव इंचाला बाजारातून हटवलं ते त्याच्याच पोरा-नातवंडांनी. आणि .२४४ नं तर जुनीच चूक गिरवली. हलक्या गोळ्या धरून आटे सावकाश पिळाचे ठेवले, गिऱ्हाइकाला हवी होती १०० ग्रेनची गोळी, आणि ते .२४३ च्या मागे पडलं. चाळीस वर्षांपूर्वीचा धडा समोर होता, पण वाचला कुणी?

तर मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वस्तू एकटी कधीच नसते. काडतुसाला दारू लागते, नळीचा पीळ लागतो, मॅगझीनची लांबी लागते, आणि नावसुद्धा लागतं. यातलं एक जरी जुळलं नाही, तर चांगली वस्तू मागे पडते, आणि लोक म्हणतात, ‘ती जुनी झाली.’ .२५-०६ जुनं झालंच नव्हतं, ते वेळेआधी आलेलं होतं. बाजाराला तेवढं थांबता येत नाही. थांबतात ती छंद असलेली माणसं. त्यांना हट्टी म्हणा, भाबडी म्हणा. पण नीडनरच्या हातून हॉजडनच्या दारूपर्यंतची ती सगळी वर्षं त्यांनी सांभाळली नसती, तर १९६९ मध्ये शिक्का मारायला काही उरलंच नसतं.

इथे मी थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.