परसबागेतील पाहुणे

बंगल्याच्या मागील मोकळ्या जागेस मराठीत परस म्हणतात. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारे अळू आणि केळी, कुंपणाशी शेवगा, दाराजवळ कढीपत्ता, कोपऱ्यात पारिजातक अशी जुन्या परसाची रचना असे. ती पक्ष्यांसाठी कोणी मुद्दाम केलेली नव्हती. तरीही बुलबुल, दयाळ, शिंपी यांचा संसार तीत सुखाने चाले. पुनर्विकासाच्या लाटेत यांतील पुष्कळ परस इमारतींखाली गेले आणि जे उरले त्यांवर बहुधा फरशी किंवा विकतची हिरवळ आली. हिरवळ डोळ्यांना सुखावते खरी, पण जिथे ना फूल, ना बी, ना अळी, तिथे पाखरांनी यावे तरी कशासाठी?

अशी बाग पुन्हा नांदती करायची असेल तर सुरुवात अळीपासून करावी लागते. फुलपाखरू मध अनेक फुलांतून पिते. अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालते, कारण त्याच्या अळीला तीच पाने चालतात. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे येतात. त्यांची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुर्गंधी सोडणारे नारिंगी शिंग बाहेर काढते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी ते पोखरते. कण्हेरीवर कॉमन क्रोची अळी पोसली जाते; तिचा कोष चांदीच्या डुलासारखा चकाकतो. रुईवर प्लेन टायगर येते. रुईच्या चिकातील विष अळीच्या शरीरात साठते आणि पुढे फुलपाखरालाही शत्रूंपासून वाचवते. हा चीक माणसाच्या डोळ्यांना घातक असल्याने, तसेच कण्हेर सर्वांगी विषारी असल्याने, लहान मुले असलेल्या घरी ही दोन झाडे टाळलेलीच बरी.

कुरतडलेली पाने पाहून कीटकनाशकाकडे वळणारा हात इथे आवरावा लागतो. फवारणीने अळ्या मरतातच, शिवाय पिलांचे अन्नही संपते. शिंपी, चिमणी, वटवट्या हे पक्षी आपल्या पिलांना मुख्यत्वे अळ्या आणि किडे भरवतात. ज्यांना स्वयंपाकासाठी कढीपत्ता हवा, त्यांनी दोन झाडे लावावीत, एक घरासाठी आणि एक अळ्यांसाठी.

मधासाठी एक्झोरा, जास्वंद, पेंटास, झेंडू, तुळस उपयोगी पडतात. रोपवाटिकांत दिसणारी भरगच्च दुहेरी पाकळ्यांची फुले शोभिवंत असली तरी त्यांतील मधापर्यंत कीटकांची सोंड क्वचितच पोहोचते. म्हणून एकेरी पाकळीचे वाण निवडावेत. घाणेरीवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे. पण पक्ष्यांमार्फत तिच्या बिया डोंगरांवर पोहोचतात आणि ती स्थानिक झुडपांची जागा बळकावते, तेव्हा तिला बागेत थारा देऊ नये. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठी अशी निवडक लागवड पाहायला मिळते.

पक्ष्यांना दाण्यापेक्षा आडोसा महत्त्वाचा. धान्य टाकले की प्रथम पारवे जमतात आणि लहान पक्षी दूर हटतात. दाट मेंदी, कोरांटी, जुईचा वेल ही त्यांची खरी घरे. शिंपी रुंद पान शिवून घरटे करतो. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यांनी आपले लोंबते घरटे बांधतो. बागेतील प्रत्येक जळमट झाडून काढणारा मालक नकळत त्याचे बांधकामसाहित्यच पळवतो! कुंपणाची छाटणी पावसाळ्याआधी घाईने उरकण्यापेक्षा, आत घरटे नाही ना हे पाहून, शक्यतो हिवाळ्यात करावी.

पाणी ठेवायचे तर उथळ मातीच्या परळात, दोन इंचांपेक्षा कमी खोल, आणि मध्ये एखादा दगड. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत त्याला अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून दर दोन दिवसांनी पाणी ओतून टाकावे आणि भांडे आतून घासावे, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

पालापाचोळा जाळण्याची सवय तर सोडायलाच हवी. झाडांच्या बुंध्याशी पसरलेल्या थरात गांडुळे, वाण्या, बेडूक राहतात आणि त्यांच्या मागे दयाळ येतो.

इथे सापाची भीती उपस्थित होते आणि ती निराधार नाही. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप माणसाच्या वस्तीजवळ आढळतात. परंतु सापास आकर्षित करतात ते मुख्यतः उंदीर आणि बेडूक, तर लपण्यास जागा देतात विटांचे ढीग आणि अडगळ. म्हणून पाचोळा भिंतीपासून, विशेषतः दारापासून दूर ठेवावा, खरकटे उघड्यावर टाकू नये आणि रात्री परसात जाताना विजेरी घ्यावी. उंदरांसाठी विषारी गोळ्या मात्र नकोत, त्या खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात गेला तर तेही दगावते. दिसलेला साप मारणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरू शकते; सुरक्षित अंतर ठेवून वन विभागास किंवा जाणकार सर्पमित्रास बोलवावे.

लागवडीस जूनमधील पहिल्या दोन-तीन पावसांनंतरचा काळ उत्तम. कढीपत्त्याची रोपे तेव्हा लावली तर गणपतीच्या सुमारास कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी दिसू शकतात.