विषाणूची कसोटी

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. पुढील काही आठवड्यांत त्या तापाने सारे शहर व्यापले, आणि पावसाळा सरता सरता त्याची दुसरी, अधिक क्रूर लाट आली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या वेळच्या डॉक्टरांपाशी रोगनिदानाची कसोटी होती. पण ती भलत्याच गुन्हेगाराचा माग काढीत होती. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये इन्फ्लुएन्झाचे कारण म्हणून एक जंतू दाखविला होता. त्याच्या कीर्तीचा दरारा एवढा, की रुग्णाच्या थुंकीत तो जंतू आढळला नाही तर शोधणाऱ्याचाच हात कच्चा समजला जाई. प्रयोगशाळेची कसोटी अचूक असूनही तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा असू शकतो, याचे याहून दारुण उदाहरण सापडणे कठीण.

खरा अपराधी १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडला. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या घशाचे धावन घेतले, बारीक गाळणीतून गाळून त्यातील जंतू वगळले, आणि ते पाणी फेरेट नावाच्या, आपल्याकडील मुंगसाची आठवण करून देणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागला, त्याला ताप भरला. पुढे एका आजारी फेरेटाने संशोधकाच्याच तोंडावर शिंकून त्याला अंथरुणावर निजविले, आणि त्याच्या घशातून तोच विषाणू पुन्हा मिळाला. विज्ञानाच्या इतिहासात पुरावा इतक्या उद्धटपणे क्वचितच चालून आला असेल! मात्र प्रत्येक रुग्णामागे एक फेरेट पाळणे कोणत्या रुग्णालयाला परवडणार? लवकरच मेलबर्न येथे बर्नेट यांनी कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यात विषाणू वाढविण्याची रीत पक्की केली, आणि १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना दिसून आले की हा विषाणू रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. काचेच्या नळीत, नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल अशी ही खूण होती.

येथपासून निवडीचा प्रश्न उभा राहिला. अंड्यात विषाणू वाढवावयाचा तर दिवसांमागून दिवस जात. पण हाती येई तो साक्षात जिवंत विषाणू. दुसरा मार्ग रक्ताचा होता. आजाराच्या आरंभी एकदा आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावयाचे, आणि प्रतिपिंडे चौपट वाढली असल्यास रोग होऊन गेला असे ठरवावयाचे. तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असे, किंवा दगावलेला. १९५७ च्या मे महिन्यात आशियाई इन्फ्लुएन्झा जहाजाने मद्रासला उतरला. देशभर ४४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली; पण खाटेवरील माणसाला या दोन्ही कसोट्यांचा उपयोग थोडाच. त्यांचा उपयोग होता तो साथीचा मार्ग आखणाऱ्यांना आणि लस करणाऱ्यांना.

१९८३ मध्ये कॅरी मलिस यांना सुचलेल्या युक्तीने हा हिशेब पालटला. जनुकद्रव्याचा एखादा तुकडा यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट करीत गेले, तर नगण्य अंशाचेही कोट्यवधी अंश होतात. आरटीपीसीआर ती हीच. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातील पहिल्या कोरोनारुग्णाचे निदान जाहीर झाले, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलेल्या अशाच परीक्षेवरून. पण या परीक्षेला यंत्र, कसलेले हात आणि कित्येक तास लागतात; नमुन्यांची रीघ लागली की तासांचे दिवस होतात. शिवाय तिची तीक्ष्णताच कधी आड येते. विषाणू मेल्यावरही त्याचे अवशेष ती आठवडेच्या आठवडे दाखवीत राहते. ठणठणीत झालेली माणसे केवळ अहवालापायी रुग्णालयात अडकून पडत. अखेर ८ मे २०२० रोजी सौम्य रुग्णांना पुन्हा परीक्षा न करता घरी सोडण्याचा नियम झाला.

घाईच्या पोटी एप्रिल २०२० मध्ये प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट पट्ट्या आणविल्या गेल्या, आणि निष्कर्षांत मेळ न बसल्याने त्याच महिन्यात परत करण्याचा आदेश निघाला. पट्ट्यांची प्रत सदोष होती हे खरेच; पण उत्तम पट्टीही ताज्या रुग्णाच्या बाबतीत मुकीच राहिली असती, कारण प्रतिपिंडे रक्तात यायला दिवस लागतात. त्याच जातीची, पण प्रयोगशाळेत केलेली परीक्षा जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत योग्य प्रश्नाला लावली गेली, तेव्हा तिने जे सांगितले ते दुसऱ्या कोणत्याही कसोटीला सांगता आले नसते: झोपडवस्तीतील सुमारे ५७ टक्के लोकांना आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. एकाच शहरातील दोन शहरांचे असे मोजमाप क्वचितच झाले असेल.

दरम्यान १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विषाणूचे प्रथिन ओळखणाऱ्या अँटिजेन परीक्षेला मान्यता दिली. उत्तर अर्ध्या तासात. परिषदेच्याच तपासणीत, निरोगी माणसाला रोगी ठरविण्याची चूक ती शंभरात एकदाही क्वचितच करी. मात्र खरे रोगी ओळखण्याचे तिचे प्रमाण एके ठिकाणी ८४ टक्के, तर दुसरीकडे जेमतेम ५०.६ टक्के भरले. म्हणून नियम असा झाला की तिचा होकार अंतिम मानावा. नकार आला आणि लक्षणे असतील, तर आरटीपीसीआर करावीच. नियम शहाणपणाचा होता. परंतु रोजच्या परीक्षांचा आकडा फुगविण्याच्या हौसेत त्याचा दुसरा अर्धा भाग अनेक ठिकाणी विसरला गेला, आणि नकाराचा कागद खिशात घालून माणसे खोकत खोकत घरी, बाजारात, कामावर गेली.

मे २०२१ मध्ये हीच अँटिजेन परीक्षा घरच्या घरी करण्याची मुभा मिळाली. तिचा पहिला संच पुण्यातच तयार झाला होता; किंमत २५० रुपये. आता नाकात काडी फिरविणाराही रुग्ण आणि निकाल वाचणाराही रुग्णच. नकारानंतरच्या दुसऱ्या परीक्षेचा तो अर्धा नियम त्याच्यासाठीही तसाच ठेवण्यात आला होता.