नाव दमास्कसचं, पाणी दख्खनचं

हौशी सुरेकारांच्या दुनियेत 'दमास्कस' या शब्दाला सध्या मोठा भाव आहे. पात्यावर लाटा असतात, पिसं असतात, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असते. विकणारा म्हणतो, "दमास्कस आहे," आणि घेणारा खिशात हात घालतो. या नावाचं कूळ शोधायला गेलं की गंमत सुरू होते. आजचं पातं दमास्कसचं नसतंच. ज्याच्यावरून हे नाव पडलं, त्यातलं पोलादही तिथलं नव्हतं.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याला येऊन गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं आहे, की इराणात पात्यांवर नक्षी उमटते ती गोवळकोंड्याकडच्या पोलादावर. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे ते पोलाद करणारं एक गाव. इस्फहानचे व्यापारी तिथे मुक्काम ठोकून माल घेत. पश्चिम आशियात त्याच्या तलवारी होत. युरोपीय माणसाला त्या दमास्कसच्या बाजारात भेटल्या आणि बाजाराचं नाव मालाला चिकटलं.

हे पोलाद मुशीतलं. म्हैसूर, सेलम भागातली जी वर्णनं आहेत त्यांत मातीच्या छोट्या मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडीचं लाकूड आणि वर रुईची पानं घालून तोंड मातीने लिंपायचे, असं दिलं आहे. तरवड आणि रुई, म्हणजे आपल्या माळावरची, शेळीनेही सोडून दिलेली झाडं! लाकडातला कार्बन लोखंडात उतरे, सगळं वितळे आणि सावकाश थंड झाल्यावर तळहातावर मावेल एवढी पोलादाची वडी निघे. तिच्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन. ती बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकली तरच पात्यावर पाणी, म्हणजे लहरती नक्षी, दिसे. पांढऱ्याफेक आचेवर काम करायची सवय असलेल्या युरोपीय लोहाराच्या घणाखाली तिचा भुगा होई.

'पाणी' हा शब्द इथे मुद्दाम वापरतोय. पात्याला पाणी देणं, पाणीदार पातं हे आपण सहज बोलतो. फारसीतला 'आबदार'ही तसाच. 'पोलाद' हा शब्दही फारसीतूनच आला. आपला जुना शब्द 'तिखें', संस्कृत 'तीक्ष्ण'वरून. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो, बोलण्यातून मात्र पार गेला.

इंग्रजांनी याचं तिसरंच बारसं केलं. मुंबईत कंपनीच्या चाकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1794 साली लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे नमुने धाडले. नाव लिहिलं 'वूट्झ'. कानडी-तेलुगूतला 'उक्कु' कुणाच्या तरी कानाने किंवा लेखणीने बिघडवला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईत तयार होतं असं ठोकून दिलं. माल जिथून जहाजात चढला, तेच त्याचं गाव. दमास्कसचीच चूक पुन्हा!

जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या हत्यारकाराने त्यातून एक छोटा चाकू घडवला आणि तो या पोलादावर खूश झाला. पुढे 1820 च्या सुमारास त्याने एका तरुणाबरोबर याच धर्तीची मिश्रपोलादं करून पाहिली. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे, एका लोहाराचा मुलगा. त्यांना पोलादं मिळाली, पण मुशीतलं ते मूळ पाणी काही साधलं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकातच आपल्याकडच्या भट्ट्या विझत गेल्या.

दमास्कसचं नाव मात्र जगलं. वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या बंदुकीच्या नळ्यांनाही 'दमास्कस' म्हणू लागले. थर जोडण्याची ही पद्धत युरोपात जुनीच. व्हायकिंगांच्या तलवारींत ती आहे. हीच शाखा 1973 मध्ये अमेरिकेत नव्याने फुटली. मेरीलँडच्या बिल मोरान यांनी सुरेकारांच्या प्रदर्शनात असे थराचे सुरे मांडले आणि घडाईचं तंत्र लपवून न ठेवता इतरांनाही सांगितलं. 1976 साली त्यांनी आणि सोबत्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली.

थराचा सुरा कसा होतो? साधं कार्बन पोलाद आणि निकेल असलेलं पोलाद यांच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, टाकणखार भुरभुरायचा, भट्टीत लाल-पिवळ्या करून ठोकायच्या. एकजीव झाल्या की ताणायच्या, तोडायच्या, पुन्हा रचायच्या. शेवटी पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की साधा थर काळवंडतो, निकेलचा चकाकत राहतो. घण इथे संपतो आणि खरी चिकाटी सुरू होते. पातं आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीचं भोक बारीक कानशीने केसाकेसाने वाढवायचं; एक हात जास्त पडला की फट राहिली, आणि ती बुजवता येत नाही. पट्टी नवीनच करावी लागते.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत सुऱ्याने एका घावात एक इंच जाडीचा लोंबता दोर तोडायचा, लाकडी फळ्या तोडायच्या, मग त्याच धारेने हातावरचे केस भादरायचे. शेवटी पातं शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवतात, ते मोडता कामा नये. इतकं होऊनही पदवी हाती येत नाही. पाच तयार सुरे पंचांपुढे ठेवावे लागतात आणि तिथे बघतात ते सांधे नि सफाई. माझ्या मते खरी परीक्षा हीच. दोर कुणीही तोडील.

मुशीतल्या पाण्याचा उलगडा व्हायला 1998 उजाडलं. फ्लोरिडाचे नालबंद अल पेंड्रे आणि धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन यांनी दाखवलं, की लोखंडात मुळातच असलेलं व्हॅनेडियमसारखं द्रव्य, शंभर ग्रॅममागे तीन-चार मिलिग्रॅम इतकं क्षुल्लक, या नक्षीला कारण होतं. ते ज्या खनिजात होतं, त्यातूनच हे पाणी जमत होतं.

तेव्हा असा सुरा घ्यायचा झाला तर विकणाऱ्याला एवढं विचारा, "थर जोडून केलाय की मुशीत वितळवून?" दोन्ही चांगले, वरून छापलेली नक्षी तेवढी नको. आणि मग पातं उजेडासमोर धरून मुठीचा सांधा बघा.