एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, वेब सर्व्हरमधील
टर्मिनलवर चालणाऱ्या स्क्रिप्टला वेब सर्व्हरमार्फत चालविल्यावर अपेक्षित एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल न मिळण्याची स्थिती. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (१९७९) प्रत्येक प्रक्रियेला या व्हेरिएबलची मूल्ये जनक प्रक्रियेकडून मिळतात (पहा : युनिक्स). लॉगिन शेल ती प्रोफाइल फाइलमधून घेते. सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाने सुरू केलेला सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. अपाची वेब सर्व्हरचे सूएक्झेक (स्क्रिप्ट दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे चालविणारी सोय) सुरक्षित यादीबाहेरची नावे गाळते, तर पीएचपी स्क्रिप्ट चालविणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये आलेली मूल्ये पुसणारे ‘क्लिअर एन्व्ह’ मुळातच चालू असते. आज्ञा कोठे शोधायच्या हे सांगणारा ‘पाथ’ अपुरा राहिल्यास आज्ञा सापडत नाही आणि त्रुटी बहुधा सर्व्हरच्या लॉगमध्येच नोंदली जाते. सीजीआयमध्ये (आरएफसी ३८७५, २००४) विनंतीचा तपशीलही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच स्क्रिप्टला मिळतो (पहा : सीजीआय). अपाचीत ‘सेटएन्व्ह’ मूल्य नव्याने नेमते. ‘पासएन्व्ह’ सर्व्हरकडे आधीच असलेले मूल्य पुढे देते, त्यामुळे मूळ उणीव त्याने भरून निघत नाही.