तूर, कडबा आणि माळ : सीमाभागात सूर्याची ऊर्जा जाते कुठे?

विजेचं युनिट आपल्याला बिलावरून कळतं. तेच माप शेताला लावून बघू. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटर जमिनीवर दिवसाला पाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. म्हणजे एका एकरावर रोजची वीस हजार युनिटं. महिन्याला शंभर युनिटं वापरणारी दोनशे घरं महिनाभर चालतील इतकी ऊर्जा आपल्या एकरावर एका दिवसात उतरते, तीही फुकट.

आता तुरीचा हिशोब करा. तूर साडेपाच महिने रानात उभी राहते असं धरलं, तर तेवढ्या काळात एकरावर ३० ते ३५ लाख युनिटं ऊन पडतं. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल तूर आली असं समजू. एक किलो तुरीत साधारण चार युनिटं ऊर्जा असते, म्हणजे चार क्विंटलमध्ये सोळाशे. दहा हजार युनिटं ऊन पडलं तेव्हा जेमतेम पाच युनिटं पोत्यात आली!

मग बाकीचं गेलं कुठे? सूर्यप्रकाशातला निम्म्याच्या आसपास भाग पानांना वापरताच येत नाही. उरलेल्यातला बराचसा पानावरून परत फिरतो किंवा उष्णता होऊन जातो. सगळं जुळून आलं तरी तुरीसारखी पिकं साडेचार टक्क्यांच्या आसपास आणि ज्वारीसारखी सहा टक्क्यांपर्यंतच ऊन साठवू शकतात, आणि हेही कागदावर. प्रत्यक्ष रानात एक टक्का साधला तरी पुष्कळ. त्यातलंही जवळपास निम्मं झाड स्वतःच्या श्वसनासाठी जाळतं. तुरीला आणखी एक खर्च असतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, पण त्याची मजुरी झाडाला साखरेच्या रूपात द्यावी लागते. तूर खत स्वतः बनवते हे खरं, पण फुकट बनवत नाही.

ऊन सारखं, पीक वेगळं

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद इकडे आणि उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट तिकडे. ऊन दोन्हीकडे जवळपास सारखंच पडतं, तरी शेजारच्या दोन गावांतलं पीक सारखं येत नाही. कारण पाणी आणि मातीची खोली. पान हवेतला कार्बन आत घेतं तेव्हा त्याच छिद्रांतून पाणी बाहेर जातं. एक किलो सुकं वजन तयार करायला पिकाला शेकडो लिटर पाणी लागतं. पाणी संपलं की छिद्रं मिटतात आणि वरून कितीही ऊन पडो, कारखाना बंद.

बीदर शहराच्या आसपासचं पठार जांभ्या दगडाचं आहे. माती लाल, बरीच ठिकाणी उथळ, आणि पाणी झिरपून खाली जाणारं. (हेच झिरपलेलं पाणी बहमनी काळात नौबादच्या कारेझमधून, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यातून, आणलं गेलं.) कलबुर्गीकडे मात्र खोल काळी माती. शहाबादी फरशी आपण घराघरांत बघतो. तो चुनखडीचा दगड शहाबाद, चित्तापूर, सेडमचा, आणि तिथल्या मातीत चुना भरपूर. पाऊस थांबल्यावरही ही काळी माती ओल धरून ठेवते. तुरीचं सोटमूळ खोल जाऊन ती ओल उचलतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात शेंगा भरतात. कलबुर्गीला तुरीचं कोठार म्हणतात ते यामुळेच. २०१९ मध्ये ‘गुलबर्गा तूर डाळ’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एकाच पिकावर सगळं ऊन लावण्यात धोका असतो. २०२२ च्या हंगामात मर रोग आला तेव्हा कलबुर्गीच्या तूर उत्पादकांनी तो पुरेपूर भोगला.

अळी, गाय आणि दहा टक्के

१९४२ साली अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन या तरुणाने एका लहानशा तळ्याचा अभ्यास मांडला. वनस्पती, त्या खाणारे, आणि त्यांना खाणारे, अशा प्रत्येक पायरीवर ऊर्जा किती उरते हे त्याने मोजलं. निबंध छापून येण्याआधीच, २६ व्या वर्षी, तो वारला. दर पायरीला दहा टक्के ऊर्जा पुढे जाते हा शाळेतला नियम या कामातून आला. तो ढोबळ आहे. गाय-शेळीसारखे उबदार रक्ताचे प्राणी खाल्लेल्यातलं बहुतेक शरीर गरम ठेवण्यात आणि हालचालीत घालवतात. अळीला तो खर्च नाही, ती पचलेल्या अन्नाचा मोठा हिस्सा थेट अंगावर चढवते. शेंगा पोखरणारी अळी (हरभऱ्यात हिलाच आपण घाटेअळी म्हणतो) इतक्या लवकर का फुगते, याचं हे एक कारण. तुरीचं झाड हलवून अळ्या खाली कापडावर पाडायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्या कोंबड्यांना टाकल्या, तर शेंगेत अडकलेली थोडी ऊर्जा अंड्यातून परत येते. पक्षीथांबे लावले की कोतवाल, साळुंक्या तेच काम करतात, फक्त अंडं आपल्याला मिळत नाही.

दहा टक्क्यांच्या नियमावरून जनावरं पाळणं म्हणजे ऊर्जेची नासाडी, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. माणसाला पोसायचं धान्य जनावराला घातलं तर ते खरं आहे. कडबा माणसाला पचतच नाही. देवणी गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव तो फोडतात. त्यातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा शेणातून बाहेर पडते, पण शेण रानात गेलं तर तेही वाया जात नाही. गांडूळ, बुरशी, जिवाणू यांचं जेवण तेच.

इथेच सीमाभागाचा खरा प्रश्न आहे. रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, भाकरीही देत होती आणि गोठाही चालवत होती. बीदर जिल्ह्यात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पुढे आलं. पैसा लवकर हातात येतो म्हणून शेतकऱ्याने ते केलं, त्याला दोष देता येत नाही. पण सोयाबीनचं भुस्कट जनावरं कडब्याच्या आवडीने खात नाहीत. कडबा महागला की दावणीची जनावरं कमी होतात, मग शेण कमी होतं, आणि ती जागा युरिया घेतो. ४५ किलोच्या एका गोणीमागे कारखान्यात सुमारे तीनशे युनिटं ऊर्जा खर्च होते. आधी ऊन जे करत होतं त्यातलं काही आता वायू करतो.

माळ पडीक नसतो

सरकारी नकाशात माळरान बऱ्याचदा पडीक म्हणून नोंदवलं जातं. पावसाळ्यात त्याच माळावर गवत येतं, त्यावर काळवीट, शेळ्या-मेंढ्या जगतात. गवताने पकडलेल्या ऊर्जेचा मोठा भाग मुळांत, म्हणजे जमिनीखाली जातो. तो दिसत नाही म्हणून मोजलाही जात नाही. कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोळी अभयारण्य (२०११, सुमारे १३५ चौरस किलोमीटर) याच कोरड्या पट्ट्यातलं. तिथे काळवीट आहे, लांडगा आहे, तरसही आहे. एका लांडग्यामागे किती काळवीट लागतात आणि त्यामागे किती गवत, हा हिशोब केला की त्याला एवढं रान का लागतं ते कळतं. म्हणूनच माळ तुकड्यातुकड्याने गेला की आधी लांडगा जातो, काळवीट नंतर.

शेतातही असंच काही जमिनीखाली चाललेलं असतं. तुरीच्या झाडाने तयार केलेल्या एकूण मालापैकी दाणा साधारण पाव हिस्सा, बाकी पान, काडी, मूळ. पाला रानातच गळतो हे चांगलं. तुराट्या चुलीत गेल्या तर निदान भाकरी भाजते. बांधावर किंवा रानातच पेटवून दिल्या तर सहा महिन्यांचं ऊन दहा मिनिटांत धूर होतं आणि मातीतल्या जिवांना त्यातलं काहीच मिळत नाही. तुराट्या बारीक करून टाकायला यंत्राचं भाडं लागतं, हा खर्च खराच आहे. चार-पाच जणांनी मिळून यंत्र आणलं तर तो प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो.